बालमोरलचे स्नानगृह

या वर्षीच्या अंकासाठी ‘वास्तूंचे उत्तरायुष्य’ हा विषय योजिल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा प्रथम मनात आले ते राजवाडे, वाडे आणि किल्ले. कारण आपल्याकडे जुन्या वास्तूंचा विचार निघाला की तो सहसा कोणा सरदाराच्या देवडीपाशी जाऊन थांबतो. परंतु ज्या वास्तू कोणाच्या वैभवासाठी उभ्या राहिल्या नाहीत, नगरपालिकेने सामान्य नागरिकाच्या अगदी सामान्य गरजेसाठी बांधल्या, आणि ती गरजच कालांतराने ओसरली, त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मला अधिक जवळचा वाटला. सिडनीला मावसबहिणीकडे जाणे ठरलेलेच होते. त्या शहरातील मॉसमन या उपनगरात, बालमोरल नावाच्या किनाऱ्यावर, समुद्रस्नानास येणाऱ्यांना कपडे बदलता यावेत म्हणून बांधलेले ‘बेदर्स पॅव्हिलियन’ नावाचे एक स्नानगृह आहे आणि आज त्याची गणना शहरातील नामांकित भोजनस्थानांत होते, एवढे ऐकून होते. लोकांच्या मालकीचे घर जगवायचे तर ते कोणाच्या तरी हाती सोपवावे लागते. सोपविताना लोकांचा त्यावरील हक्क कसा राखावयाचा, हा प्रश्न जगातील प्रत्येक नगरपालिकेपुढे आहे, आणि म्हणून हे स्नानगृह पाहण्यासारखे होते.

किनाऱ्याची मांडणी

पॅसिफिक महासागर सिडनीच्या बंदरात शिरतो तो दोन उंच वालुकाश्म-कड्यांमधील द्वारातून. या द्वाराच्या आतल्या अंगास, समोरच पण किंचित आडोशाला, बालमोरलचा चंद्रकोरीसारखा वाळूचा किनारा पसरलेला आहे. त्यामुळे येथे उभे राहिले असता दृष्टीपुढे उघडा महासागर असतो आणि पायाशी मात्र बहुधा शांत, लहान मुलांना निर्धास्तपणे सोडता येईल असे पाणी असते. किनाऱ्याच्या मध्यावर खडकाळ भूमीचा एक लहानसा तुकडा समुद्रात शिरलेला असून, त्याच्याकडे जाणारा एक कमानीचा पूल बांधलेला आहे. वाळूच्या कडेने समुद्राचा मारा सोसणारी भिंत, तिच्या माथ्यावरून जाणारा रुंद पादचारी मार्ग, मागे वडाच्या कुळातील प्रचंड विस्ताराचे वृक्ष, हिरवळीवर वाद्यवृंदासाठी उभारलेला गोल मंडप, आणि या सर्वांच्या पंक्तीत ते दुमजली, पांढऱ्या गिलाव्याचे, कमानींच्या ओळीने सजलेले स्नानगृह, अशी ही मांडणी आहे. ती एका योजनेतून सिद्ध झाल्याचे पाहताक्षणीच जाणवते. आणि तसेच आहेही. मॉसमन नगरपालिकेच्या सेवेतील आल्फ्रेड हेल यांनी १९२८-२९ साली स्नानगृहाची, आणि त्याच सुमारास मंडपाची व पुलाची आखणी केली. भूमध्य समुद्राकाठच्या वास्तुशैलीचा त्या काळी ऑस्ट्रेलियात मोठा प्रभाव होता. लखलखीत ऊन, पांढऱ्या भिंती आणि कमानींची खोल सावली यांचा मेळ सिडनीच्या हवामानाशी इतका चांगला बसतो की ही शैली परदेशातून आणलेली आहे, याचे पाहणाऱ्यास स्मरणही राहात नाही.

ही भूमी मूळची बोरोगेगल लोकांची. जवळच्याच जॉर्जेस हेड या टेकाडावर १८१५ साली गव्हर्नर मॅक्वारी यांनी बंगारी या मूळनिवासी पुरुषास आणि त्याच्या लोकांस शेतीसाठी जमीन व झोपड्या दिल्या. ज्यांची भूमी होती त्यांनाच तिचा एक तुकडा सरकारी मेहेरबानी म्हणून मिळावा, ही घटना मनास लागून राहते. हा बंगारी दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर १८०२-०३ साली सबंध ऑस्ट्रेलिया खंडास जलमार्गाने प्रदक्षिणा घालून आलेला होता. किनाऱ्यावरील कोणत्याही हक्काची गोष्ट सांगताना त्याचे नाव वगळून चालणार नाही.

दिवसाउजेडी स्नान

समुद्राने वेढलेल्या या शहरात दिवसाउजेडी समुद्रात उतरणे हा दीर्घकाळ गुन्हा होता, हे आज कोणास सांगितले तर खरे वाटणार नाही. १८३३ आणि १८३८ सालच्या कायद्यांनी लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत स्नान करण्यास मनाई केलेली होती. उघड्या देहाचे दर्शन हे नीतीस बाधक, ही त्यामागील धारणा. सिडनीतील मॅन्ली येथील एका वृत्तपत्राचे संपादक विल्यम गोचर यांनी १९०२ साली ही मनाई मोडण्याचा आपला इरादा आगाऊ जाहीर केला आणि भर दुपारी ते समुद्रात उतरले. त्यांच्यावर खटला भरण्यास अधिकारी धजले नाहीत, आणि पुढल्या वर्षी मॅन्लीच्या नगरपालिकेने दिवसभर स्नानास परवानगी दिली. अट एवढीच, की स्नानाचा पोशाख गळ्यापासून गुडघ्यापर्यंत असावा.

परवानगी मिळाली तरी पहारा उठला नाही. १९०७ साली किनाऱ्यावरील काही नगराध्यक्षांनी पुरुषांनीही स्नानाच्या पोशाखावर झगा चढवावा असा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा बाँडाय आणि मॅन्ली या किनाऱ्यांवर शेकडो पुरुष बायकांचे परकर आणि झगे नेसून मिरवणुकीने निघाले आणि तो प्रस्ताव बारगळला. पुढे १९३५ साली सरकारने जो नियम केला त्यात पोशाखाचा पाय किती इंचांचा असावा हेसुद्धा नमूद होते, आणि माप घेण्यासाठी निरीक्षक वाळूवर फिरत असत. तो नियम रद्द होण्यास १९६१ साल उजाडावे लागले.

स्नानगृहाचे प्रयोजन या पार्श्वभूमीवरच कळते. स्नानाचा पोशाख वाळूपुरता मान्य होता, रस्त्यावर नव्हता. म्हणजे घरून अंगभर कपड्यांत यावयाचे, किनाऱ्यावर आडोशाला ते उतरवून ठेवावयाचे, आणि परतताना पुन्हा चढवून सभ्य नागरिक होऊन गाडीत बसावयाचे. बालमोरलला १९२२ साली ट्राम आली. खडक फोडून काढलेल्या मार्गाने ती टेकडीवरून थेट किनाऱ्याशी उतरत असे, आणि बंदरावरील महापूल १९३२ साली खुला होईपर्यंत शहरातील गिरणीकामगार, कारकून, विद्यार्थी आणि मुलेबाळे घेतलेल्या गृहिणी आगबोटीने खाडी ओलांडून त्या ट्रामने येथे येत. एवढ्या समुदायास कपडे बदलण्यासाठी जागा हवी, वस्तू ठेवण्यास बंदोबस्त हवा, आणि गोड्या पाण्याची सोय हवी. बाँडायच्या स्नानगृहात तर याखेरीज तुर्की स्नान, नृत्यशाळा आणि भोजनगृह अशी भव्य तजवीज होती. बालमोरलचे स्नानगृह त्याचे समकालीन असले तरी आकाराने लहान आणि स्वभावाने सौम्य आहे. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच उदार विचार होता: ज्याच्यापाशी किनाऱ्यावर स्वतःचा बंगला नाही, त्यालाही समुद्रात शिरण्यापूर्वी आणि समुद्रातून बाहेर आल्यावर प्रतिष्ठेने उभे राहण्यास एक छप्पर असावे.

दुसरी एक वास्तू

याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाशी, एडवर्ड्स बीच या भागात, त्या काळी आणखी एक वास्तू उभी होती आणि तिचा धागा थेट आपल्या देशाशी जोडलेला होता. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले. सोसायटीचे बिऱ्हाड मद्रासजवळील अड्यार येथे हलण्यापूर्वी जवळजवळ चार वर्षे मुंबईत होते. याच सोसायटीच्या धुरीणांनी जिद्दू कृष्णमूर्ती या तेलुगू ब्राह्मण कुमारात भावी जगद्गुरू पाहिला आणि त्यांच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ हा संघ स्थापन केला. संघाचे एक प्रमुख सूत्रधार लेडबीटर हे मॉसमनमध्येच वास्तव्य करून होते. १९२३-२४ साली संघाने बालमोरलच्या किनाऱ्यावर पांढऱ्या रंगाचे, समुद्राकडे तोंड असलेले एक अर्धवर्तुळाकार प्रेक्षागार बांधले. पायऱ्यापायऱ्यांच्या आसनांवर दोन हजारांहून अधिक माणसे बसू शकत. जगद्गुरू बंदराच्या द्वारातून पाण्यावरून चालत येणार आणि ते पाहण्यासाठी लोकांनी आसने विकत घेऊन ठेवली आहेत, अशी वदंता शहरभर पसरली आणि आजही तेथे सांगितली जाते.

१९२९ सालच्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधील ओमेन येथे स्वतः कृष्णमूर्तींनीच तो संघ विसर्जित केला. पुढे मुंबईच्या श्रोत्यांनी अनेक दशके ज्यांची प्रवचने ऐकली, ते हेच कृष्णमूर्ती. कोणाचाही गुरू होण्याचे नाकारणारे. संघ गेला आणि प्रेक्षागाराचे प्रयोजनही गेले. मालकी बदलत गेली, नाना उपयोग करून पाहिले गेले, आणि अखेर १९५१ साली ते पाडून तेथे निवासी इमारत उभी राहिली. म्हणजे ज्या सुमारास एक वास्तू अनाथ झाली, त्याच सुमारास तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी जन्मास आली. एक श्रद्धावंतांच्या खाजगी निधीतून उभी राहिली होती, दुसरी नगरपालिकेच्या तिजोरीतून. पहिलीचा आज दगडही दिसत नाही, दुसरी उभी आहे. या भेदाचे कारण मला दोघींच्या सौंदर्यात सापडले नाही. सार्वजनिक मालकी ही वास्तूस अमर करीत नाही, परंतु तिच्या मरणाचा निर्णय एका माणसाला रात्रीतून घेऊ देत नाही. तो सभेत यावा लागतो, त्याच्यावर हरकती घ्याव्या लागतात, आणि त्या अवधीत वास्तूस श्वास घेण्यास उसंत मिळते.

भाडेपट्टा आणि हरकती

स्नानगृहास अशी उसंत पुष्कळच घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, बालमोरलची ट्राम १९५८ साली बंद झाली, पोशाखावरील निर्बंध शिथिल झाले. माणसे घरूनच स्नानाचा पोशाख घालून, वर एक पंचा टाकून येऊ लागली. ज्या संकोचासाठी स्नानगृह बांधले गेले तो संकोचच मावळला. खाऱ्या वाऱ्याने गिलावा फुगतो आणि भिंतीतले लोखंड गंजते. उत्पन्न नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षी वाढता, अशी इमारत नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात फार काळ लाडकी राहात नाही. १९८० च्या दशकात व्हिक्टोरिया अलेक्झांडर या कल्पक बाईंनी ती भाडेपट्ट्याने घेऊन तेथे उपाहारगृह चालविले, तेव्हा समुद्रासमोर शुभ्र कमानीखाली बसून जेवण्याचे सुख लोकांना लाभले.

त्यापुढील प्रकरण अधिक उद्बोधक आहे. इमारतीची डागडुजी करण्याइतके उत्पन्न निघावे म्हणून तेथे मुक्कामाच्या खोल्याही असाव्यात, अशी योजना १९९० च्या दशकात पुढे आली आणि परिसरातील रहिवाशांनी तिला प्रखर विरोध केला. उपाहारगृहात कोणीही येऊ शकतो, खोलीत मात्र तिचे भाडे भरणाराच येतो. लोकांच्या किनाऱ्यावरील लोकांची वास्तू काहींच्या शयनगृहांसाठी का द्यावी, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. मॉसमन हे सुखवस्तूंचे उपनगर आहे, आणि अशा वस्तीतील हरकतींत स्वतःच्या शांततेची आणि गाडी उभी करण्याच्या जागेचीही काळजी मिसळलेली असते. तथापि त्यामुळे तो मूळ प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. अखेर मुक्कामाची योजना मागे पडली, १९९९ साली इमारत राज्याच्या वारसा-सूचीत दाखल झाली, आणि त्याच वर्षी नूतनीकरण होऊन आजच्या स्वरूपातील भोजनगृह सुरू झाले. दर्शनी रूप बाहेरून जपले गेले. अंतर्भागाची फेररचना वास्तुविशारद अॅलेक्स पोपोव्ह यांनी केली.

बाँडायच्या मोठ्या भगिनीचा मार्ग निराळा. ती १९७० च्या दशकात नगरपालिकेने नाटक, चित्रकला, संगीत यांचे लोककेंद्र केली. अलीकडच्या काळात तिचे अधिक व्यापारीकरण होईल या शंकेने नागरिकांनी चळवळ उभारली, आणि २०२२ साली जीर्णोद्धारानंतर ती पुन्हा लोककेंद्र म्हणूनच खुली झाली. एकाच काळातील, एकाच हेतूच्या या दोन वास्तूंनी दोन उत्तरे दिली आहेत. मी दोन्ही पाहिल्या आणि दोन्ही उत्तरे मला प्रामाणिक वाटली, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारे लोक जागे होते.

ताटातील समुद्र

१९९९ साली सुरू झालेल्या या मुदपाकखान्याशी सर्ज डान्सरो हे नाव दीर्घकाळ निगडित होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतातून आलेले हे पाककुशल गृहस्थ १९८३ पासून सिडनीच्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होते. त्या काळी मोठ्या हॉटेलांत परदेशातून आलेला माल श्रेष्ठ मानला जाई. डान्सरो यांनी लहान शेतकरी, चीज करणारे, भाजी पिकविणारे यांना गाठून, त्यांना आगाऊ मागणीची खात्री देऊन, त्या भूमीत त्या ऋतूत जे पिकते तेच ताटात आणण्याचा परिपाठ घातला. आज हा विचार सर्वत्र बोलला जातो. परंतु जो शेतकरी एका विशिष्ट जातीची कोवळी भाजी केवळ एका आचाऱ्याच्या शब्दावर पेरतो, त्याचा विश्वास कमावणे हे काही वर्षांचे काम असते.

जेवणाऱ्याची दृष्टी समोरच्या पाण्यावर आणि ताटात मासा, तेव्हा तो मासा याच पाण्यातला असावा असे मनात येणे स्वाभाविक. वस्तुस्थिती तशी नाही. बंदराच्या वरच्या अंगास होमबुश येथील रासायनिक कारखान्यांनी गाळात सोडलेले विषारी डायऑक्सिन माशांच्या देहात उतरल्याचे आढळल्यावर, २००६ साली सिडनीच्या बंदरातील व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. हौशी गळकऱ्यांसही सरकारची सूचना अशी की महापुलाच्या पश्चिमेस पकडलेला मासा खाऊच नये, आणि पूर्वेकडचा महिन्याकाठी सुमारे दीडशे ग्रॅमहून अधिक खाऊ नये. बालमोरल पूर्वेस, महासागराच्या मुखाशी असल्याने स्नानास येथे प्रत्यवाय नाही. परंतु उपाहारगृहातील मासे दूरच्या किनाऱ्यांवरून, शहराच्या मत्स्यबाजारातून येतात. त्या बाजारात १९८९ पासून उलट्या लिलावाची पद्धत आहे: भिंतीवरील घड्याळात भाव वरून खाली उतरत जातो आणि जो प्रथम कळ दाबतो त्याचा माल. मुंबईच्या ससून गोदीत पहाटे कोळणी आणि दलाल यांच्यात भाव चढत जाताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना येथील निःशब्द लिलाव विलक्षण वाटेल.

कालवांची कथाही अशीच. सिडनी रॉक ऑयस्टर हे येथील मूळचे कालव. या राज्याच्या खाड्यांत त्याची लागवड होते, आणि ते ताटात येण्याजोगे होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. मूळनिवाशांनी पिढ्यान्पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या राशी या किनाऱ्यांवर होत्या. वसाहतीच्या आरंभी चुनखडी न मिळाल्याने त्या राशी भाजून चुना करण्यात आला आणि त्या चुन्यात सिडनीच्या आरंभीच्या इमारतींचे दगड-विटा बसल्या. या भूमीवर समुद्रासमोर बसून भोजन करण्याची परंपरा कोणत्याही भोजनगृहाहून कितीतरी पुरातन आहे.

पडद्यामागची पाळी

माझी बहीण राहते ती पॅरामाटाच्या बाजूस, जेथे आपल्या लोकांची वस्ती दाट आहे. तेथून बालमोरलला यावयाचे म्हणजे आगगाडी आणि पुढे बस. किनाऱ्याशी आगगाडी नाही. बहिणीच्या शेजारी नाशिककडचा एक विद्यार्थी राहतो. तो शहरातील एका उपाहारगृहात भांडी धुण्यापासून सुरुवात करून आता भाज्या चिरण्यापर्यंत पोचला आहे. ‘‘मावशी, तुम्ही बाहेर बसून समुद्र बघता ना, तेव्हा आतल्या माणसाला दिवस आहे की रात्र तेही कळत नाही,’’ असे तो म्हणाला, आणि लगेच, तक्रार समजू नका, या कामानेच फीचा भार हलका होतो, असेही त्याने सांगितले. सत्र चालू असताना विद्यार्थ्यांस पंधरवड्यात अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम करण्यास मनाई आहे. शनिवार, रविवार आणि सणावारी मजुरीचा दर कायद्याने चढा असतो, म्हणून सुटीच्या दिवशी अनेक उपाहारगृहांच्या बिलावर अधिभार लावलेला दिसतो. जेवणाऱ्यांना तो खटकतो, परंतु ज्या दिवशी सर्वांना विश्रांती त्या दिवशी राबणाऱ्यास अधिक द्यावे, हा न्याय मला सर्वथा मान्य आहे.

बालमोरलला मी सकाळीच जाऊन बसले. पोहणारे आधीच पाण्यात होते. काही वृद्ध स्त्रिया, ज्यांच्या हातांच्या लयीवरून हा त्यांचा नित्यनेम असावा असे वाटले. वास्तूच्या एका बाजूस पांढऱ्या आच्छादनांची मेजे मांडलेली, मधल्या दालनात न्याहारीची साधीशी बैठक, आणि एका खिडकीतून कागदी पेल्यात कॉफी व पुडीत बांधलेले खाद्य देण्याची सोय. एकाच छपराखाली तीन खिशांना तीन दारे. ओल्या अंगाने आलेला माणूस खिडकीपाशी उभा राहतो, कॉफी घेतो आणि समोरच्या भिंतीवर बसून पितो. आतल्या मेजावरून जो समुद्र दिसतो तोच, तितकाच, त्यालाही दिसतो.

दार कोणासाठी

मोठ्या भोजनगृहातील जेवण मध्यमवर्गीयाने वर्षातून एखादे वेळी, एखाद्या विशेष प्रसंगी घ्यावे अशाच किमतीचे असते, आणि ज्या वास्तूत पूर्वी मोलमजुरी करणारा हक्काने शिरत असे तेथे आता पुष्कळांना दर्शनी पाटीवरचे दर वाचून मागे फिरावे लागत असेल, हे मी विसरू इच्छीत नाही. तरीही गंजत, कुलूप लावून, पडण्याची वाट पाहणारी इमारत लोकांच्या मालकीची राहून लोकांच्या काय उपयोगाची असते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. भोजनगृहाने या भिंतींस दुरुस्ती दिली, दिवा दिला, माणसे दिली. त्याच्या मोबदल्यात लोकांनी काही गमावू नये यासाठी काय काय अबाधित राहावयास हवे ते येथे पाहून स्पष्ट झाले: जमिनीची मालकी सार्वजनिक राहावी आणि भाडेपट्ट्यास मुदत असावी, दर्शनी रूप कायद्याच्या रक्षणाखाली असावे, वाळू आणि पादचारी मार्ग यांवर कोणत्याही मेजाचे आक्रमण होऊ नये, आणि सर्वांत स्वस्त पदार्थ मिळण्याची खिडकी मागच्या गल्लीत न ढकलता समुद्राकडेच उघडत राहावी.

आपल्या कोकणपट्टीतील आणि मुंबईतील नगरपालिकांच्या दप्तरांतही जुन्या धर्मशाळा, विश्रामगृहे, पाणपोया, धक्क्यांवरील छपऱ्या पडून असतील, आणि त्या खाजगी चालकांस देण्याचे प्रस्ताव आज ना उद्या सभेपुढे येतीलच. तेव्हा सरसकट होकार किंवा सरसकट नकार देण्यापेक्षा त्या मसुद्यातील शर्ती ओळ न् ओळ वाचणारे नागरिक गावात असणे अधिक मोलाचे ठरेल. बालमोरलच्या रहिवाशांनी ते काम चिकाटीने, वेळप्रसंगी कडवटपणे केले. आज त्या कमानींखाली जो जेवतो आणि जो भिंतीवर बसून कॉफी पितो, त्या दोघांवरही त्यांचे ऋण आहे.